खेरडीची फायनल आणि माझा जळफळाट

फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. त्यामुळे कोणी मॅचचं वर्णन वाचायच्या आशेनं इथं आलं असेल तर त्यांनी रागावू नये. नाशिक ते सिल्वासा रस्ता कसा आहे, पोराला घेऊन जावं का, खायला काय मिळतं, हे सगळं सांगणार आहे. पण खरं सांगायचं तर ह्या सहलीत मी दोन दिवस नुसती जळत होते, आणि ते लपवून लिहायला मला जमत नाही.

माझा नवरा संदीप दोन वर्षांपासून सिल्वासाला धाग्याच्या कंपनीत मेंटेनन्सला आहे. मी नाशिकला बँकेत. साडेपाच वर्षांचा आदू माझ्याकडे. संदीप महिन्यातून दोनदा येतो, आणि आला की घरात जत्रा भरते. खांद्यावर बसणं काय, गादीवर कुस्ती काय, रात्रीच्या जेवणाऐवजी आइस्क्रीम काय! सोमवारी तो परत गेला की अभ्यास, नखं कापणं आणि दुधी भोपळा घेऊन मी शिल्लक. हसायला पप्पा आणि ओरडा खायला मम्मी, अशी आमच्याकडे वाटणी झालेली आहे. त्यात माझ्या वाट्याला एकच चांगली गोष्ट आली होती. रडायला आदू माझ्याकडे यायचा. संदीप शेजारी बसलेला असला तरी गुडघा फुटल्यावर पोरगं त्याला ओलांडून माझ्या पोटात डोकं खुपसायचं. मला त्याचं फार बरं वाटायचं. ही इस्टेट माझी होती.

नाताळच्या सुट्टीत आदूची शाळा आठवडाभर बंद, आणि संदीपचा फोन आला. कारखान्यांच्या स्पर्धेत त्यांची टीम फायनलला गेली होती, रविवारी खेरडीच्या मैदानावर मॅच, आणि गोलकीपर कोण, तर आमचे हे. "आदूला घेऊन ये. त्याची पहिली खरीखुरी मॅच होईल," तो म्हणाला. मी फोन ठेवेपर्यंत आदूनं बूट घातले होते. उलट्या पायांत.

शनिवारी सकाळी पेठमार्गे जाणारी एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. पुढचे पूर्ण पैसे मोजावे लागतात, तेव्हा कंडक्टरशी वाद घालू नका. मी घातला आणि हरले. कोटंबीचा घाट आणि पुढे कपराड्याचा घाट, दोन्ही पोट ढवळणारे आहेत. पोराला पुढच्या सीटवर बसवा, सकाळी दूध पाजू नका, आणि प्लास्टिकच्या पिशव्या पर्समध्ये नको, हातातच ठेवा. पेठला बस थांबते तिथं कांदाभजी गरमागरम मिळतात. घाट पुढे आहे हे लक्षात ठेवून खा. रस्ता मात्र सुरेख आहे, दोन्ही बाजूंना सागाची झाडं आणि भात कापून मोकळी झालेली खाचरं.

वाटेत आदू मला शिकवत होता. "मम्मी, जिग्नेशकाका डाव्या पायानं मारतो. पिंटूदादा पळतो खूप पण पास देत नाही. आणि पप्पा ना, कायम उजवीकडे उडी मारतो."

"तुला कोणी सांगितलं हे?"

"सांगायला कशाला पाहिजे? मी बघतो ना."

कधी बघतो, कुठं बघतो, मला काही उमजेना. म्हटलं, पोरं काय, काहीही बोलतात.

दुपारी सिल्वासाला उतरलो. संदीप स्टँडवर उभाच होता. आदूनं माझा हात असा झटकला की माझी बांगडी वाकडी झाली, आणि गेला उडी मारून बापाच्या कडेवर. मी दोन बॅगा, पाण्याची बाटली आणि उलटीची पिशवी घेऊन मागून. "प्रवास कसा झाला?" संदीपनं विचारलं, तेही आदूलाच.

संदीपची खोली टोकरखाड्याला आहे, स्टँडवरून शेअर रिक्षा मिळते. हॉटेल घेणार असाल तर शनिवार-रविवार टाळा. शेजारच्या गुजरातेत दारूबंदी आहे आणि इथं नाही, त्यामुळे सुट्टीला पाहुण्यांची अगदी रीघ असते. थंडीत गेलात तर रस्त्याच्या कडेला मडक्यात भाजलेलं उबाडियुं जरूर खा. कंद, बटाटे, पापडीच्या शेंगा आणि हिरवा मसाला, वर ताक. मी एकटीनं पाव किलो संपवलं, कारण बापलेकांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

संध्याकाळी कंपनीच्या मागच्या मैदानावर शेवटची प्रॅक्टिस होती. आम्ही फाटकातून आत शिरतोय तोच कॅप्टन जिग्नेशभाई लांबून ओरडला, "अरे, आवी गयो आपणो मोबाईलवाळो!" आणि सगळी टीम आदूभोवती गोळा झाली. कोणी टाळी देतंय, कोणी केस विस्कटतंय. पोरगं प्रत्येकाला नावानं ओळखत होतं.

"मोबाईलवाला म्हणजे?" मी संदीपला विचारलं.

तो जरा ओशाळला. "अगं, रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल असतो ना आमचा. मी फोन गोलच्या मागे एका बुटात उभा करून ठेवतो. तो तिथून सगळी प्रॅक्टिस बघतो. बॉल आत गेला की ओरडतो माझ्यावर."

रोज सहा वाजले की फोन कोण लावून देत होतं? मी. सोफ्यावर आदूला बसवायचं, हातात माझा मोबाईल द्यायचा आणि आपण आत जाऊन शांतपणे पोळ्या लाटायच्या. अर्धा तास तरी पोरगं गुंतलं, म्हणून मी देवाचे आभार मानत होते. आणि इकडे माझ्याच सोफ्यावर, माझ्याच रिचार्जवर, माझ्याच पाठीमागे ह्या दोघांनी संसार थाटला होता! मला सवतीची गोष्ट ऐकावी तसं झालं. राग आला, आणि राग कशाचा यावा हे सांगता येईना, म्हणून आणखी राग आला. "मला कधी सांगितलं नाहीत," मी म्हणाले. आदू म्हणाला, "तू विचारलंच नाहीस ना मम्मी."

रविवारी सकाळी खेरडीला गेलो. गाव शेतकऱ्यांचं; भात निघालेला, हवा गार, मैदानावर चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या रेषा. बसायला खुर्च्या पाहुण्यांना, बाकीच्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. पोरं सोबत असतील तर ट्रॉलीच बरी, उंचावरून नीट दिसतं. टोपी आणि जाड सतरंजी न्या. खायला शेंगदाणे, बोरं आणि चहा, बाकी काही नाही. बायकांसाठी सोय म्हणाल तर जवळच्या शाळेत विचारावं लागतं, मास्तर चांगले आहेत, कुलूप उघडून देतात.

समोरची टीम प्लास्टिकचे ड्रम बनवणाऱ्या कंपनीची, पिवळ्या बनियनमधली. आमचे निळे. संदीपनं हातमोजे घातले, दोन्ही हात वर केले, आणि आदू ट्रॉलीत उभा राहून त्याला म्हणाला, "उजवीकडे नको रे सारखा!" आजूबाजूचे सगळे हसले. मी विचारलं, "तहान लागली का?" त्यानं ऐकलंच नाही. बिस्किट पुढं केलं तर माझा हात बाजूला सारला. डोळ्यांपुढे हात आला म्हणून.

एक गोल त्यांचा, एक आमचा. संदीपनं तीन-चार बॉल अडवले तेव्हा मागच्या ट्रॉलीतले नंदुरबारकडचे दोन कामगार शिट्ट्या मारत होते. "भारी शे रे भो!" आदूची मान ताठ. तो वळून त्यांना म्हणाला, "माझे पप्पा आहेत." मी शेजारीच बसले होते. ही माझी मम्मी आहे, असं त्यानं काही सांगितलं नाही.

आणि मग अगदी शेवटी, लांबून एक साधा, शेळपट बॉल आला. मलाही अडवता आला असता असा. संदीपनं तो धरला, पण बॉल हातातून निसटून पायांमधून आत गेला. पिवळे नाचायला लागले. मगाशी शिट्ट्या मारणारे तेच दोघं ओरडले, "काय करी ऱ्हायना रे भो तो गोलकीपर!" संदीप गुडघ्यांवर बसला होता आणि खाली बघत होता.

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला बरं वाटलं. वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं. म्हटलं, दिसलं ना आता, पप्पा काही आभाळातून पडलेला नाही! आदूचा ओठ थरथरायला लागला होता. हे मला पाठ आहे. आधी ओठ, मग हनुवटी, मग भोकाड. मी पदर सावरला आणि दोन्ही हात पुढे केले. आता येणार होता तो, माझ्याकडे.

तो ट्रॉलीवरून उतरला. कसा उतरला देव जाणे, मी ओरडले सुद्धा. आणि रडत रडत, चुन्याच्या रेषा तुडवत, सरळ गोलकडे पळाला. संदीपच्या गळ्यात पडून असा रडला, असा रडला, की शिट्टीवाला पंचही थांबला. माझे हात तसेच पुढे होते. शेजारच्या एका बाईनं मला शेंगदाणे दिले, मी घेतले.

मी जवळ गेले तेव्हा आदू हुंदके देत म्हणत होता, "तू पाय उशिरा हलवलास."

"हो रे, उशीर झाला," संदीप म्हणाला. त्याचे पण डोळे भरले होते.

"उद्या परत करू प्रॅक्टिस. मी मागे उभा राहतो. फोनमध्ये नाही, खरा." मग त्यानं माझ्याकडे बघितलं. "मम्मी, मी राहू इथं? सुट्टी आहे."

दुपारी जेवताना, स्टँडकडे निघताना, मी सगळी कारणं सांगून पाहिली. संदीपची ड्युटी, बाहेरचं पाणी, पोराचं औषध. सगळ्याला उत्तर तयार होतं. पहिल्या पाळीपुरतं शेजारच्या खोलीतल्या वहिनी बघतील, त्यांचाही मुलगा एवढाच आहे. शेवटी मी म्हणाले, "आणि आजारी पडला म्हणजे?"

"पडू दे की एकदा," संदीप म्हणाला.

"काहीतरी अभद्र बोलू नकोस!"

"अगं, खरंच. दोन वर्षांत त्याचे सगळे ताप मी फोनवर ऐकले. कपाळावर हात तुझा, औषध तुझं, रात्रभर कुशीत तुझ्या. मला काय वाटत असेल? खेळायला कुणीही चालतं गं. आज पहिल्यांदा तो माझ्याजवळ रडला."

म्हणजे जळत होता तोही. माझ्यावर. मला वाटत होतं जत्रा त्याच्याकडे आहे, आणि त्याला वाटत होतं देऊळ माझ्याकडे.

बस लागली. एक वाक्य माझ्या जिभेवर होतं: मम्मीला एकटीला झोप कशी लागेल रे? एवढं म्हटलं असतं की आदू निमूटपणे चढला असता, मला ठाऊक आहे. मी ते गिळलं. त्याच्या स्वेटरची बटणं लावली, औषधाची बाटली संदीपच्या हातात दिली, आणि खिडकीपाशी बसले. आदूनं टाटा केला खरा, पण बस वळायच्या आत बापाला काहीतरी दाखवायला तो पाठमोरा झाला.

परतीचा घाट चढताना उलटीची पिशवी मलाच लागली. पोराला घेऊन जाणाऱ्यांनी माझं एवढं ऐका: मॅच जरूर दाखवा, खेरडीसारख्या गावात तर नक्कीच, बॉल किती जवळून दिसतो आणि बापाचा चेहराही. फक्त सगळं सामान परत येईल असं धरून चालू नका.

रात्री आठला घरी पोचले. समोरच्या जाधवकाकू दारातच होत्या.

"एकटीच? आदू कुठाय?"

"ठेवून आले बापाकडे. आठवडाभर."

"अगोबाई! एवढंसं लेकरू, करमेल का गं त्याला?"

"त्याला करमेल हो, काकू," मी म्हणाले.