वाड्यावरचा फोटो

माझ्या भावाचा लग्नासाठी दाखवायचा फोटो मी काढला. त्यावरून पुढे जे रामायण झालं ते मात्र आमच्या आईमुळे झालं, हे आधीच सांगून ठेवते.

भाऊ घोटावड्याच्या कारखान्यात शिफ्टला जातो आणि उरलेल्या वेळात रिहे गावच्या माळावर आमची मेंढरं बघतो. मेंढरं म्हटलं की मुलीकडचे अर्धा चहा टाकून उठायचे. तो बोलून दाखवायचा नाही, पण नवे कपडे घेणं त्यानं सोडलं होतं. मला ते बघवायचं नाही. म्हणून एका सकाळी त्याला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायला लावला, मेंढरांपाशीच उभं केलं आणि फोनवर मागचं सगळं धूसर करून टाकलं. भाऊ गालातल्या गालात हसत असा काही देखणा आला की विचारू नका. मागे नुसतं हिरवंपिवळं आणि कोपऱ्यात एक पांढरट ठिपका.

तो फोटो घेऊन आई आणि मी भुकूमला एका स्थळाकडे गेलो. माणसं आमच्यातलीच, मराठवाड्यातून नोकरीसाठी आलेली, पण त्यांच्या घरातली मेंढरं आजोबांच्याही आधी सुटलेली. मुलगी आयटीत. मुलीच्या आईनं विचारलं, फोटो कुठला?

"आमच्या वाड्यावरचा," आई म्हणाली.

आता आमच्यात वाडा म्हणजे जाळी लावून मेंढरं बसवतात ती जागा. लोक दुसऱ्याही कशाला वाडा म्हणतात, हे ऑफिसात काम करूनही मला त्या घडीला सुचलं नाही.

बाईंचा चेहरा खुलला. वाडा जुना आहे का? आई म्हणाली, सासऱ्याच्या बापापासनं हाय. आणि मोठा? तर दीडशे आरामात बसत्यात. बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. एवढ्यांचं करायला माणसं ठेवलीत का, यावर आई म्हणाली, न्हाई, घरचेच करतो, राखणीला कुत्री हायेत. मला वाटलं, शहरात राहून मेंढरांची किती आपुलकीनं चौकशी करतात, भली माणसं दिसतात.

मग तोच फोटो पुन्हा हातोहात फिरला आणि त्यात काय काय दिसायला लागलं. मुलीचे वडील म्हणाले, उभं राहण्यातच खानदानीपणा आहे. बाईंनी कोपऱ्यातला ठिपका बोटांनी मोठा केला आणि तो दाराशी असतो तसला दगडी सिंह आहे, असं ठरवून टाकलं. आई तेव्हा लाडू खात होती, तिनं ऐकलंच नाही, आणि मला वाटलं, बाई गंमत करतायत. मुलगी मात्र फोटो बराच वेळ बघत बसली. घरी आल्यावर भावाला हे सांगितलं, तर गडी दुसऱ्याच दिवशी नवा शर्ट घेऊन आला.

रविवारी मंडळी वाडा बघायला आली. बाई चक्क पैठणी नेसून. माळावर गाडी थांबली, त्यांनी चौफेर बघितलं आणि विचारलं, वाडा कुठंय? भावानं हात केला. समोर जाळी, लेंड्या आणि मेंढरं. सिंहानं मान वर करून 'बॅ' केलं.

बाईंचा पारा चढला. आम्हाला फसवलंत, म्हणाल्या. आई कसली ऐकून घेतेय.

"मी कवा म्हनलं त्याला माडी हाय? वाडा म्हनलं. ह्यो काय वाडा न्हाई व्हय?"

दोघींचंही खरं होतं, हीच तर पंचाईत. भाऊ मान खाली घालून, चहा तरी घेऊन जा, एवढंच म्हणाला. या खेपेला त्यानं मनापासून आशा धरली होती.

मुलगी एव्हाना जाळीपाशी जाऊन उभी होती. तिनं भावाला विचारलं, फोटोत तुम्ही कशाला हसत होता? हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, "मागनं कोकरू शर्ट चघळत होतं. हललो असतो तर ताई वरडली असती."

तिला हसू आवरेना. मग मला म्हणाली, ताई, परत काढा, आणि या वेळी मागचं सगळं दिसू द्या. मी फोन धरला. भाऊ मेंढरांत उभा राहिला, कानापर्यंत लाल. तेवढ्यात ती थांबा म्हणाली, ओढणी कमरेला खोचली, जाळी ओलांडली आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"आता काढा."