टॉवरच्या दारातल्या चपला

जालन्यात बायपासला एक अठरा मजली इमारत उभी आहे. शहरात तिला सगळे नुसतं 'टॉवर' म्हणतात. पश्चिमेची बाजू पूर्ण काचेची आहे आणि काचेपुढे उभ्या, पातळ पट्ट्या बसवल्या आहेत. दुपारनंतरचं ऊन त्या पट्ट्यांवर अडतं, आतल्या खोल्या तापत नाहीत. खालचे दोन मजले काळ्या दगडाने मढवलेले आहेत. गच्चीवरून रोलिंग मिलच्या चिमण्या दिसतात, आणि हंगामात अंबड रस्त्याने अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर.

मी त्या इमारतीत राहत नाही; ते मला परवडणारही नाही. तरी तिच्याविषयी मला जे वाटतं त्याला कृतज्ञता हाच शब्द लागू पडतो. वर्तमानपत्राच्या डेस्कवर असताना सत्काराच्या बातम्यांमधून हा शब्द मी नेमाने खोडत असे. इथे तो ठेवते.

इमारतीचा आराखडा पुण्याच्या वास्तुविशारदाचा. तळमजल्याची लॉबी मात्र माझ्या भाचीने केली. ती माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. मेहुणे गेल्यापासून ताई आणि ती माझ्याकडेच राहतात. भाचीने इंटिरिअर डिझाइनचं शिक्षण घेतलं, पुण्यात एका फर्ममध्ये नोकरी केली आणि ती सोडून जालन्यात स्वतःचं काम सुरू केलं. लॉबी हे तिचं पहिलं मोठं काम होतं. ते पसंत पडलं तर नमुना फ्लॅट आणि पुढे बाकीचे फ्लॅटही तिच्याकडे येणार होते. नाही पडलं, तर तिच्यासाठी गावात दुसरं काम नव्हतं. पुण्याची फर्म तिला परत घ्यायला तयार होती. ती गेली असती तर ताईही तिच्याबरोबर गेली असती. यावर आमच्या घरात कधी चर्चा झाली नाही. जेवताना पुण्याचं नाव निघालं की तिघींपैकी कोणीतरी मीठ मागायचं.

लॉबी दोन मजल्यांइतकी उंच आहे. खाली पांढरा इटालियन मार्बल, भिंतीला सागवानाच्या पट्ट्या, छतातून सोडलेले बाजरीच्या कणसासारखे लांबट पितळी दिवे. संध्याकाळी ते लागले की त्यांचा उजेड मार्बलमध्ये जसाच्या तसा उतरतो. समोरच्या काचेच्या दारात भाचीने काळ्या दगडाची एक पट्टी आडवी बसवली होती. दोन बोटं उंच, वर पितळेची बारीक रेघ. बायपासची धूळ आणि पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून, असं तिने नकाशावर लिहिलं होतं. व्हीलचेअर आणि बाबागाड्यांसाठी बाजूला उताराचं दुसरं दार होतं. तिथे पट्टी नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी बिल्डरने लोकांना इमारत पाहायला बोलावलं. तो बियाण्यांच्या धंद्यातून बांधकामात आलेला, पन्नाशीचा माणूस. चहा, समोसे, वर जायला लिफ्ट, सगळी तयारी होती. पहिलं कुटुंब केदारखेड्याचं आलं. वडील निवृत्त शिक्षक, मुलगा जालन्यात बँकेत. चौघांनीही दाराशी चपला-बूट काढले आणि आत आले. त्यांच्यामागून आलेल्यांनी तेच केलं. दुपारपर्यंत अठरा मजली इमारतीच्या काचेच्या दारात चपलांचा ढीग झाला. शिक्षकांच्या पत्नी मार्बलवर दोन पावलं चालल्या आणि म्हणाल्या, "गार हाय गं माय!" पायमोजे घातलेले एक गृहस्थ घसरले, रिसेप्शनचं टेबल हाताला लागलं म्हणून वाचले.

संध्याकाळी त्या ढिगाचा फोटो गावभर फिरला. खाली लिहिलं होतं : टॉवरमध्ये दर्शन सुरू, नारळ बाहेर मिळतील.

"पोरी," बिल्डर भाचीला म्हणाला, "मी तुला फाइव्ह स्टार मागितलं व्हतं. तू मंदिर देऊन राह्यली."

"काका, मार्बल फार चमकतोय. त्यामुळे लोक बिचकतात."

"मंग चमक काढ. नाही तर काय करायचं ते कर. पुढच्या रविवारी संभाजीनगरची पार्टी फ्लॅट बघायला येणार हाय. त्यांच्या समोर चपलांचा बाजार दिसला, तर पुढचं काम बराबर पुण्याला जाईल. मला वाईट वाटंल, पण जाईल."

त्या आठवड्यात तीन उपाय झाले. वॉचमनला सांगितलं, लोकांना चपला घालूनच आत पाठवायचं. लोक त्याला हो म्हणत आणि चपला काढत. मग पाटी लावली : कृपया पादत्राणे काढू नयेत. एका आजोबांनी ती मोठ्याने वाचली, म्हणाले, "ते पाहुण्यांसाठी असंल, आपण काय पाहुणे हाव का," आणि वहाणा काढून कडेला नीट जोडून ठेवल्या. शेवटी भाचीने मार्बल झाकायला दारापासून लिफ्टपर्यंत लाल गालिचा अंथरला. गालिच्यावर पाय द्यायच्या आधी तर लोक तळवेही झटकायला लागले.

शुक्रवारी भाचीने पुण्याला फोन केला. दार लावून बोलली. ताई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. तिचा हात काही वेळ परातीतच थांबलेला मी पाहिला.

रविवारी मी भाचीबरोबर टॉवरवर गेले. बातमीदारीत एक साधी सवय लागते : कारण सुचायच्या आधी नुसतं बघायचं. मी तिला म्हटलं, "आज काही दुरुस्त करू नकोस. इथे बसू." आम्ही रिसेप्शनच्या मागे खुर्च्या टाकल्या.

लोक येत राहिले. समोरच्या दाराने येणारे सगळे थांबत, वाकत, चपला काढत. मग एक जोडपं बाबागाडी घेऊन बाजूच्या उताराने आलं. दोघांच्या पायांत बूट होते. ते तसेच मार्बलवरून, गालिच्यावरून टकटक चालत लिफ्टपर्यंत गेले. मागून व्हीलचेअर ढकलत एक मुलगा आला. त्याच्याही पायांत चप्पल. त्याच वेळी समोरच्या दारात एक बाई थांबल्या, चपला काढल्या, खाली वाकून काळ्या दगडाला बोटं लावली, बोटं कपाळाला लावली आणि मग पाय उचलून आत आल्या.

भाची उठून उभी राहिली. "मावशी," ती म्हणाली, "मी उंबरा बसवलाय."

"तू धुळीसाठी पट्टी बसवली होतीस."

"नकाशात तसं लिहिलं. पण पुण्यात मी कितीतरी लॉब्या काढल्या, एकीत पण अशी पट्टी टाकली न्हाई. इथलं दार काढताना हात आपोआप गेला. मला कळलंसुद्धा न्हाई."

आमच्याकडे हिंदूंच्या, बौद्धांच्या, मुसलमानांच्या घरांत देव-धर्म वेगळे असतील; पायताण बाहेर काढायची रीत एकच आहे. हॉटेलच्या लॉबीला उंबरा नसतो म्हणून तिथे कोणी थांबत नाही. इथे होता, म्हणून सगळे थांबले. चमक, गालिचा, पाटी यांचा त्यात काही संबंध नव्हता.

उपाय सोपा होता : पट्टी काढायची. मिस्त्री तासाभरात काढून देणार होता. भाचीने त्याला फोन लावला आणि तो उचलायच्या आत बंद केला. मग तिने बिल्डरला लावला.

"काका, पार्टी येण्याआधी तुम्ही या. आणि आज तळघरातून येऊ नका. समोरच्या दाराने या."

बिल्डर रोज गाडी तळघरात लावून लिफ्टने सरळ वर जात असे. आपल्या इमारतीच्या दर्शनी दाराने तो पहिल्या दिवसापासून एकदाही आला नव्हता. तो आला तेव्हा फोनवर कोणाशी तरी सिमेंटवरून भांडत होता. दाराशी पोचला. पाऊल उचललं आणि दगडापाशी ते थबकलं. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरून तो वाकला आणि बुटाची नाडी सोडायला लागला. एक बूट निघाल्यावर त्याने मान वर केली. आम्ही दोघी समोर उभ्या होतो. वॉचमनला हसू आवरलं नाही.

"हसू नको रे," बिल्डर म्हणाला. मग फोन बंद करून एका पायावर तसाच उभा राहिला. "च्यायला. बिलकुल ध्यानात आलं न्हाई. घरात आल्यासारखं वाटलं."

"त्यासाठीच तर लोक इथे फ्लॅट घेणार आहेत ना, काका?"

दुसरा बूटही त्याने काढला.

"मंग काय म्हणतीस? ठेवायचं हे?"

"उंबरा ठेवते. बाहेर दगडी ओटा बांधते, बसून चपला काढायला. खाली खण करते, म्हणजे ढीग दिसणार न्हाई. आणि मार्बलची पॉलिश उतरवून तो पाय धरेल असा खरबरीत करते."

"अन् संभाजीनगरची पार्टी?"

"त्यांना बूट काढायचे नसतील तर बाजूचं दार आहे की."

पार्टी आली. तिघेजण होते, तिघांच्या पायांत चकचकीत बूट. मी दाराकडे बघत होते, भाची जमिनीकडे. तिघांनीही बूट काढले. त्यांतला वयस्कर माणूस आत येऊन चौफेर बघत बिल्डरला म्हणाला, "घर वाटून राह्यलं, भाऊ." बिल्डरने भाचीकडे बघितलं. म्हणाला, "नमुना फ्लॅटचे नकाशे कधी देतीस?"

आता तो ओटा झाला आहे. काळा दगड, गुडघ्याच्या जरा खाली, टेकायला सागवानी पाठ. संध्याकाळी तिथे बायका चपला न काढताच गप्पा मारत बसतात, त्यामुळे आत जाणाऱ्यांना जागा मिळत नाही, अशी तक्रार सोसायटीकडे आली आहे. भाची तिच्यावर उपाय शोधते आहे.

मी आयुष्यभर इमारतींची उद्घाटनं लिहिली : कोणाच्या हस्ते, किती खर्चाची, किती मजल्यांची. आत कोण कसं शिरतं हे कधी लिहिलं नाही, कारण विचारलंच नाही कोणी. ते बघायला मिळालं, याबद्दल मी त्या मुलीची ऋणी आहे. फोनवर भांडता भांडता वाकलेल्या त्या बिल्डरचीही.

त्या रविवारी आम्ही घरी आलो तेव्हा ताईने आमच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि हात पुसत फोनपाशी गेली. वर्षाचे गहू घ्यायचे राहिले होते. दरवर्षीच्या दुकानदाराला ती सांगत होती, "हो, तिघींचे. अहो तिघीच हावोत, आणखी कोण असणार? अन् खडे काढून पाठवा बरं."