शेरा : दार उघडं राहतं

इथे लोक भुताखेतांचे अनुभव टाकतात ते मी चहा पिता पिता वाचतो आणि बायकोला वाचून दाखवून हसतो. खोटं कशाला सांगू. एकोणीस वर्षं फ्रिज दुरुस्त करतोय. आपोआप ठोके देणारे, पाणी गाळणारे, हात लावला की झटका देणारे... सगळे पाहिले. प्रत्येकाच्या मागे एक तर ढिला स्क्रू निघतो नाहीतर खराब अर्थिंग. माझा विश्वास मल्टिमीटरवर. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण पोलिसांच्या जबाबात हे बसलं नाही आणि ऑफिसात सांगितलं तर तिथला इंजिनिअर हसला. म्हणून इथे.

मी ठाकुर्लीला राहतो. एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरसाठी काम करतो, नाव सांगणार नाही. महागडे, वायफायवाले फ्रिज शक्यतो माझ्याकडेच पाठवतात. गेल्या डिसेंबरात एका मंगळवारी कल्याण-शीळ रोडवरच्या टॉवरमध्ये गेलेलो. सतरावा मजला. तक्रार — फ्रिज थंड करत नाही.

दार एका बाईने उघडलं, वय असेल तिशीच्या आत. नाव रुपाली. नवरा अमोल घरूनच काम करायचा, कानात हेडफोन, आणि मी चपला काढतोय तोवरच सुरू झाला. "एवढा महागाचा फ्रिज घेतला आणि दूध फाटतंय. तुम्ही लोक फुकटचे पगार खाता." मला राग पटकन येतो, हे ठाणे ते कल्याण सगळ्यांना माहीत आहे. एकदा नौपाड्यात एका गिऱ्हाइकाची कॉलर धरली म्हणून महिनाभर घरी बसवलेलं. म्हणून गप्प बसलो आणि काम सुरू केलं.

दोन दारांचा उभा फ्रिज. कंप्रेसर चालू. फॅन चालू. गॅस बरोबर. सेन्सर ठीक, आत बर्फ साचू न देणारा हीटर असतो तोही ठीक. मी पोहोचलो तेव्हा आतलं तापमान आपोआप खाली येतच होतं. म्हणजे फॉल्ट नाही. फक्त डाव्या दारावर, माझ्या खांद्याच्या उंचीला, वाटीएवढा पोचा होता.

"हे काय झालं?" मी विचारलं.

"सिलेंडर आपटला," रुपाली म्हणाली.

टॉवरमध्ये पाइपचा गॅस. सिलेंडर कुठून आला? हे माझ्या मनात आलं, खरंच आलं. पण ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्यांची पहिली शिकवण होती, मेकॅनिकने फ्रिज बघायचा, घर बघायचं नाही. मी पोच्यावरून हात फिरवला आणि बॅग आवरली.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. फॉल्ट सापडला नाही तर "सापडला नाही" असं लिहून चालत नाही, वरून फोन येतो. मग आम्ही सगळे एकच शेरा मारतो, "दार उघडं राहतं. ग्राहकाला समज दिली." कुणाचं नुकसान नाही, केस बंद. मीही तेच लिहिलं. आणि तो शेरा ज्याच्या नावावर फ्रिज असतो त्याच्या मोबाइलवर जातो. म्हणजे अमोलच्या.

शनिवारी पुन्हा तीच तक्रार. या वेळी रुपालीचा डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"बाथरूममध्ये घसरले," मी न विचारताच ती म्हणाली. आतल्या खोलीत अमोल कुणावर तरी इंग्रजीत खेकसत होता. ती ओट्याजवळ आली आणि अगदी हळू बोलली, "दादा, या वेळी ते दाराचं लिहू नका हं."

एका क्षणात सगळं कळलं. पोचा, प्लास्टर, माझा शेरा. मी लिहिलं होतं की बाई महागडा फ्रिज उघडा टाकते, आणि त्या ओळीने तिचा हात मोडला होता. मी काय केलं? काही नाही. "नाही लिहिणार ताई," एवढं म्हणालो. दार किती वेळा उघडलं याची नोंद फ्रिजच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डात असते, ती पहिल्याच दिवशी बघायला हवी होती, ती आता बघितली. बिघाडाच्या वेळेला दार एकदाही उघडलेलं नव्हतं. मग आत एक लॉगर ठेवला. काडेपेटीएवढं सेलवर चालणारं यंत्र, दर दोन मिनिटांनी तापमान लिहून ठेवतं. अलर्ट मिळावेत म्हणून तो फ्रिज माझ्या फोनवरच्या ॲपलाही जोडला. शेरा लिहिला, "तपास चालू."

मंगळवारी परत गेलो, लॉगर काढून लॅपटॉपला लावला. दिवसभर चार डिग्री, सरळ रेघ. आणि मधेच रेघ उभी चढायची ती थेट सदतीसवर. तिथे दहा-पंधरा मिनिटं थांबायची, मग हळूहळू खाली. तीन दिवसांत तीनदा. डिसेंबरात त्या किचनमध्ये सव्वीसच्या वर तापमान नव्हतं. बिघडलेला फ्रिज फार तर खोलीएवढा गरम होतो, खोलीपेक्षा गरम होत नाही. हीटर अडकला असेल म्हणून तो सोडवून तपासला. ठणठणीत.

"ताई, शनिवारी साडेचारला, रविवारी साडेअकराला, काल सव्वादोनला... या वेळांना घरात काय चालू होतं?"

तिने ग्राफकडे पाहिलं. ओढणी गळ्याभोवती ओढून घेतली, पण त्याआधी मला बोटांचे वळ दिसले, ताजे.

"काय गप्पा चालल्यात?" अमोल दारात.

माझ्या हातात पाना होता. मनात आलं, एकच घालावा, तोंडावर. देवाशप्पथ सांगतो, हात उचलला गेलेला. पण नोकरी, पोरांची शाळा, पुन्हा कॉलरचं प्रकरण... हात खाली घेतला. म्हणालो, बोर्ड तपासायला नेतो, गुरुवारी आणून लावतो. प्लग काढला, पाठीमागचा बोर्ड सोडवून बॅगेत टाकला. बंद फ्रिजला वास येऊ नये म्हणून डाव्या दारात फडक्याची घडी अडकवली, म्हणजे ते जरा उघडं राहतं. ग्राफ बघून लॉगर परत आत ठेवला होता, तो घाईत तिथेच विसरलो. निघताना तिला कार्ड दिलं. "काही लागलं तर फोन करा." ती हसली नुसती.

गुरुवारी सकाळी बोर्ड घेऊन निघालो, तपासून झाला होता, काही दोष नाही. शीळफाट्याच्या अलीकडे टपरीवर चहाला थांबलेलो. फोन वाजला. ॲपचा अलर्ट.

"फ्रिजचे तापमान जास्त : ३७."

मी हसलो. प्लग काढलेला फ्रिज. वायफाय ज्या बोर्डावर असतं तो बोर्ड माझ्या बॅगेत, बॅग माझ्या मांडीवर. दुसरा अलर्ट आला. ३७. तिसरा. चौथ्याला ग्लास हातातून खाली ठेवला. अकरा चाळीस झाले होते. मला तिचे वळ आठवले. गाडीला किक मारली.

गेटवर वॉचमन एंट्री करा म्हणाला, त्याला ओरडून सांगितलं, वर ये माझ्यामागे. सतराव्या मजल्यावर शेजारच्या काकू भाजीची पिशवी घेऊन त्यांच्या दारात उभ्या होत्या.

"जाऊ नका तुम्ही," त्या म्हणाल्या. "त्यांचं नेहमीचंच आहे. थांबेल थोड्या वेळात."

आतून आवाज येत होता. पत्र्यावर काहीतरी जड आपटल्याचा, मग थोडं थांबून पुन्हा. फ्रिजच्या दाराचा आवाज मी झोपेतही ओळखतो.

"काकू, यांची जादा चावी असते का कुणाकडे?"

"आहे माझ्याकडेच, पण..."

"पण काय? द्या!"

मी इतक्या जोरात ओरडलो की त्यांच्या हातातून पिशवी पडली. चावी त्यांच्या चपलांच्या कपाटावरच खिळ्याला टांगलेली होती. किती दिवस होती कोण जाणे.

किचनमध्ये अमोलने रुपालीचे केस मुठीत धरले होते आणि तो तिचं डोकं त्या पोच्यावर आपटत होता. प्रत्येक आपटण्याला एक शब्द. "दार... लावायला... येत... नाही... तुला..." फ्रिजच्या दारावरून रक्त ओघळत खालपर्यंत आलं होतं. तिचा प्लास्टरचा हात नुसता लोंबत होता आणि ती ओरडतही नव्हती. याची मला जास्त भीती वाटली.

मी बॅग फिरवली. आत ड्रिल, गेज, सगळं लोखंड. त्याच्या कानाखाली बसली. तो ओट्यावर आदळला, दात तुटून सिंकमध्ये पडला. मी आणखी दोन घातल्या, पोटात. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. मग त्याने ओट्यावरची सुरी घेतली. मला वाटलं माझ्यावर येतोय, पण तो तिच्याकडे वळला. ती फ्रिजला टेकून खाली बसली होती, डोळ्यांत रक्त गेलेलं, तिला काही दिसत नव्हतं. मी मागून शर्ट धरला, तो फाटून हातात आला. त्याने सुरी खाली घातली, रुपाली बाजूला कलंडली, आणि त्याचा हात तिच्या डोक्यावरून त्या फडक्याने उघड्या ठेवलेल्या दारात गेला.

दार लागलं.

कुणी लावलं नाही. मी तीन हातांवर, ती खाली, वॉचमन किचनच्या उंबऱ्यात. फडकं बाहेर पडलं आणि दार त्याच्या मनगटावर मिटलं. हाड मोडल्याचा आवाज आला, सुकी काटकी पायाखाली यावी तसा. अमोल किंचाळला. असं किंचाळणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

मी मेकॅनिक आहे, आधी सोडवायलाच धावलो. फ्रिजचं दार रबराच्या पट्टीतल्या लोहचुंबकाने लागतं, दोन वर्षांचं पोर ते उघडतं. मी ओढलं. वॉचमनने ओढलं. दुसऱ्या दाराला पाय लावून दोघांनी मिळून ओढलं. हललं नाही. उलट मिटतच गेलं, हळूहळू, आणि तो गुडघ्यावर येऊन आईच्या नावाने ओरडत राहिला. माझा तळवा दारावर होता. दार गरम होतं... तापाने फणफणलेल्या माणसाच्या कपाळासारखं. प्लग भिंतीपासून लांब जमिनीवर पडलेला मला दिसत होता.

मग रुपाली चाचपडत उठली. तिने हँडलवर हात ठेवला, जोर न लावता. दार उघडलं, रोज उघडतं तसं, हलका पुक आवाज करून.

पुढचं थोडक्यात. ॲम्ब्युलन्स आली, पोलीस आले. अमोलच्या मनगटाचा चुरा झाला होता. डॉक्टरांनी मला विचारलं, "कुठल्या मशीनमध्ये गेला हात?" मी म्हणालो, फ्रिजच्या दारात. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कागदावर दुसरंच काहीतरी लिहिलं. रुपालीच्या डोक्याला चौदा टाके. ती वाचली. आता कल्याणला भावाकडे असते, केस चालू आहे, मी साक्षीदार आहे.

लॉगर मी नंतर पोलिसांना विचारून काढून घेतला. मंगळवारी प्लग काढल्यावर रेघ हळूहळू खोलीएवढी झाली, सव्वीस, अगदी बरोबर. गुरुवारी अकरा बत्तीसला चढायला लागली. अकरा चाळीसला सदतीस. बारा वीसला, म्हणजे तिला स्ट्रेचरवरून लिफ्टमध्ये नेलं त्या सुमाराला... चार. वीज नाही, बोर्ड नाही, कंप्रेसर थंडगार बंद, आणि आत चार डिग्री, संध्याकाळपर्यंत. लॉगर बिघडला असेल म्हणून मी तो बर्फाच्या पाण्यात बुडवून बघितला. शून्य दाखवतो, चोख. अलर्टचं विचारलं तर इंजिनिअर म्हणाला, जुने अलर्ट सर्व्हरवरून उशिरा येतात कधीकधी. येत असतील. दाराचं विचारलं तर हसला. बायको, जी अशा गोष्टींवर माझ्याहून कमी विश्वास ठेवते, ती ग्राफ बघून उठून गेली आणि परत तो विषय काढला नाही.

महिन्याभरापूर्वी कोर्टाच्या बाहेर बाकावर रुपाली भेटली. केस परत वाढलेत, टाके झाकले गेलेत. मी धीर करून विचारलंच, त्या दिवशी तुम्हाला काही जाणवलं का, कुणी दिसलं का.

"मला काय दिसणार दादा," ती म्हणाली. "डोळ्यांत रक्त होतं. मी आपली मनात म्हणत होते, कुणीतरी या, कुणीतरी या. दर वेळी तेच म्हणायचे."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून."

पुढे तिला आत बोलावलं. मी बाकावर बसून राहिलो. फ्रिजने ऐकलं असं मी म्हणणार नाही, माझ्या धंद्यात तसं काही नसतं, आणि काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. पण त्या गुरुवारच्या आधी त्या घरात मी तीनदा गेलेलो, पोच्यावर हात ठेवून उभा राहिलेलो, आणि मला ऐकू आलं नव्हतं.