नागमोडी मफलर

आमच्या अहल्यावहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, माणूस पाहून मफलर विणत. लोकर घ्यायला देवास गेटच्या बाजारात जाताना मला बरोबर नेत, पण रंग त्याच ठरवत. तापट माणसाला निळा, म्हणजे जरा निवेल. चिक्कूला मातकट, कारण तो धुणार नाही. नक्षीचंही तसंच. ज्याच्या पोटात गोष्ट राहत नाही त्याला जाळी, ज्याचं मन घडोघडी फिरतं त्याला नागमोडी. आमच्या सगळ्या माधव नगर वस्तीला हे ठाऊक होतं. जाळीचा मफलर भेट आला की लोक तो गुपचूप पेटीच्या तळाशी ठेवत.

छप्पन साली मध्य भारत राज्य मोडून मध्य प्रदेश झाला. कचेऱ्या भोपाळला निघाल्या आणि आमच्या श्रीपाददादाचाही बदलीचा हुकूम आला. वहिनी हादरल्या.

"तिथं मी कुणाचा स्वभाव ओळखते? सुया काय सिगडीत घालू?"

दादा मात्र निर्धास्त होता. हुकूम काढणारे पिंगळेसाहेब सकाळचा हुकूम संध्याकाळी फिरवत. नवीनच आले होते, तरी एवढं सगळ्यांना कळलं होतं.

"दिवाळीला त्यांना एक मफलर दे," दादा म्हणाला. "पण सरळ पट्ट्यांचा."

"अहो, ते तसे आहेत का?"

"नाहीत. पण आपल्याला इथं राहायचंय ना!"

"माझ्याच्यानं खोटं विणवत नाही. आणि नव्या माणसाला काय कळणार?"

लाल लोकरीवर पिवळी नागमोडी रेघ. साहेबांना मफलर फार आवडला. ते तो घालून कचेरीत आले, तर चपराशी मांगीलाल हसू दाबता दाबता खोकू लागला.

"क्यों रे, ठंड लगी क्या?"

"नहीं साब. वो भाभीजी का डिझाइन... मतलब, सुबह हां, शाम को ना."

मग त्यानं सगळंच सांगून टाकलं. गेल्या वर्षी वहिनींनी त्याला जाळी दिली होती.

साहेब मफलरपेक्षा लाल झाले. दादाची बदली रद्द करणारा कागद सहीसाठी समोरच होता. तो त्यांनी दूर सारला.

"आमचा हुकूम म्हणजे हुकूम!"

उभ्या नोकरीत ते एकदाच ठाम राहिले, ते नेमके आमच्या बाबतीत.

भोपाळच्या मोटारीच्या टपावर ट्रंका चढल्या, वहिनी आत बसल्या. मीही पोचवायला निघालो होतो. एवढ्यात साहेब धापा टाकत आले, मफलर गळ्यातच.

"वहिनी, याच्या सरळ पट्ट्या होतील का?"

"होतील की. हुकूम फिरवा, इथंच बसून विणते."

साहेब विचारात पडले. "बरं, उतरा," म्हणाले. वहिनी उतरल्या. "पण नको, लोक काय म्हणतील? बसा." वहिनी चढल्या. "नाही, थांबा..."

ड्रायव्हरनं कुणाकडे न बघता मोटार सोडली. वहिनी सीटवर आदळल्या. पदर सावरून त्यांनी त्याच्या मानेकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "भैया, भोपाल में ही रहते हो क्या?"