दादाचा रकाना

ज्याने कुणी गुन्ह्यांच्या नोंदींचा तो सरकारी तक्ता आखला, तो आयुष्यात एकदाही वरातीत चाललेला नसणार. चालला असता तर त्याला ठाऊक असतं की आमच्या भागात माणूस गोळी लागून फक्त वैराने, दरोड्याने किंवा जमिनीच्या भांडणाने मरत नाही. तो आनंदानेही मरतो, दुसऱ्याच्या आनंदाने. त्या मरणाला तक्त्यात जागा नाही, आणि ती का नाही असं विचारलं की जो तो शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवतो. मी कुणाचं नाव घेत नाही. पण तुम्ही कुठेतरी आहात, आणि तुम्ही तुमचं काम नीट केलेलं नाही.

मी असा तावातावाने बोलायला लागलो की नाना म्हणतात, "आधी पाणी पी."

नाना म्हणजे कॉलेजात जन्मभर सांख्यिकी शिकवून निवृत्त झालेले आमचे प्रमुख. बनारसच्या रामघाटावरच्या एका वेदपाठशाळेच्या वरची खोली त्यांनी भाड्याने घेतली आहे. तिथे आम्ही बंदुकांच्या गुन्ह्यांचे आकडे जमवतो, ताडून पाहतो आणि बंदुकीच्या परवान्यांबद्दल कुणी विचारलंच तर सांगतो. सहसा कुणी विचारत नाही. नाना, हिंदी पेपरात वर्षानुवर्षं क्राइम रिपोर्टर असलेले पांडेजी आणि मी, एवढाच आमचा गट. मित्र विचारतात, असल्या खोलीत हसण्यासारखं काय घडत असेल? पण पूर ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर गाळ साचतो, तसे आमच्याकडे किस्से साचतात. कुणी मुद्दाम आणत नाही. पाणी उतरलं की दिसतात.

आणि श्रीधरदादा. माझा चुलतभाऊ. त्याने ही खोली कधी पाहिली नाही, पण मी तिथे आहे तो त्याच्यामुळे. बँडचा आवाज आला की त्याला घरात बसवत नसे. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या गल्लीतून एक वरात चालली होती, आणि तो बघायला गच्चीवर धावला. खाली कुणीतरी खुशीत हवेत गोळी झाडली. इकडे त्याला हर्ष फायरिंग म्हणतात. दादा कठड्याशी उभा होता.

*

मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. पोलिसांनी जप्त केलेल्या गावठी कट्ट्यांचा आकडा एका जिल्ह्यात एकदम वर गेलेला दिसला. मी लगेच टिपण लिहिलं, "जिल्ह्यात शस्त्रांचा सुळसुळाट." दोन ठिकाणी अधोरेखितसुद्धा केलं.

नानांनी ते वाचलं आणि विचारलं, "त्या महिन्यांत पोलिसांची मोहीम चालू होती का?"

"हो. मोठी होती."

"आमच्या हिने दिवाळीला माळा झाडला तेव्हा उंदरांची अख्खी वसाहत सापडली. ते उंदीर काय त्याच दिवशी राहायला आले होते?"

मी म्हटलं, "पण नाना, उंदीर तर आहेतच ना?"

"आहेत. पण वाढले की नाही, ते माळा झाडल्याने कळत नाही. अधोरेखित करायचंय ना? मग हे कर."

*

पांडेजींचा किस्सा त्यांच्याच तोंडून ऐकायला हवा. एका छोट्या ठाण्याच्या हद्दीत एका वर्षी गोळीबाराची एक घटना घडली, पुढच्या वर्षी दोन. तरुण पांडेजींनी बातमीत "दो" लिहिलं. संपादकांनी पान तपासलं आणि हाक मारली.

"पांडे, दो बहुत छोटा दिखता है। दुगुना लिखो।"

पांडेजींनी दुगुना लिहिलं. त्याच्या पुढच्या वर्षी घटना परत एकच झाली. पांडेजी मोठ्या आशेने गेले, "सर, आधा हो गया, छापें?"

"अब एक लिखो," संपादक म्हणाले. "अच्छी खबर में इतना हिसाब नहीं लगाते।"

*

आता माझी फजिती. निवडणूक आली की परवानाधारकांना आपली हत्यारं ठाण्यात किंवा शस्त्रांच्या दुकानात जमा करावी लागतात. मी काही जिल्ह्यांतल्या बातम्या महिन्यांप्रमाणे लावल्या. बंदुका जमा झाल्या त्या सुरुवातीच्या आठवड्यांत हर्ष फायरिंगची एकही बातमी नव्हती. एकही नाही. मला वाटलं, सापडलं. जे मी शोधत होतो ते हेच. परवान्याची बंदूक घराबाहेर काढून ठेवा, गच्चीवरचा माणूस वाचतो.

मी पळत जिना चढलो. नाना नव्हते, पांडेजी पान लावत होते. मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी शांतपणे चुना लावला.

"भैया, ई कौन सा टाइम था?"

मी सांगितलं.

"तब तो खरमास था। शादिए नहीं थी, तो फायरिंग कौन करेगा? पंडितजी?"

इकडे खरमासात लग्नं होत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझे तर मामा पंचांग बघून मुहूर्त काढून देतात. नाना आल्यावर त्यांना हे कळलंच. ते रागावले नाहीत. खालून पाठशाळेतल्या मुलांचा घोष ऐकू येत होता. ते म्हणाले, "तुला उत्तर आधीच हवं होतं. म्हणून ते दिसलं."

मला उत्तर हवं नव्हतं. मला दादा हवा होता. पण हे सांख्यिकीच्या माणसाला कसं सांगणार?

*

एका कॉलेजात नानांचं व्याख्यान होतं. शेवटी एक मुलगा उभा राहिला. "सर, बंदुकीने होणारे बहुतेक खून बेकायदा कट्ट्यांनी होतात. मग परवान्यांच्या मागे का लागता?"

मी दात-ओठ खात होतो. नाना म्हणाले, "चांगला प्रश्न आहे. खुनांपुरतं तू म्हणतोस ते बरोबर आहे."

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर उखडलो. "तुम्ही त्याला बरोबर म्हणालात? दादाला लागलेली गोळी परवान्याच्या बंदुकीची होती, नाना."

"होती. पण तो खून नव्हता. निष्काळजीपणाने मृत्यू अशी नोंद झाली. मग तो खुनाच्या तक्त्यात कसा येईल?"

"मग कुठल्या तक्त्यात येईल?"

"निष्काळजीपणाच्या. तिथे भरधाव गाड्या आहेत, तुटलेल्या तारा आहेत. आणि तिथे हत्याराचा रकाना नाही." नाना चालायचे थांबले. "तक्त्याला जे विचारलं नाही, त्याचं उत्तर तो देत नाही. तो मुलगा खोटं बोलला नाही. त्याने अर्धाच तक्ता पाहिला. उरलेला अर्धा अजून कुणी आखलेला नाही."

"मग आपण आखू."

"तेच तर करतोय आपण. तुला घाई आहे, एवढंच."

मला घाई आहेच. मुक्ताचं लग्न ठरलं तेव्हा तर ती फारच वाढली.

*

मुक्ता म्हणजे दादाची धाकटी बहीण. तिच्याच बँकेतल्या अभिषेकशी तिचं जमलं. मुलगा सालस, पण घर चंदौलीच्या बाजूच्या गावातलं, आणि घरात त्याच्या ताऊजींचा, म्हणजे थोरल्या काकांचा, शब्द शेवटचा. ताऊजींकडे दोन नळ्यांची दुनाली बंदूक. घरातल्या प्रत्येक वरातीत ती पुढे चालते. आता कायद्याने हर्ष फायरिंगला शिक्षा आहे, लग्नाच्या हॉलवर पाट्याही असतात. ताऊजींनी त्या पाटीखाली उभं राहून बार काढल्याचं अभिषेकनेच खाली मान घालून सांगितलं.

काकू, म्हणजे दादाची आई, म्हणाली, "मला एकदा त्यांच्याशी बोलायचंय."

म्हणून आम्ही गेलो. काकू, नाना, बोलणं सांभाळायला पांडेजी आणि लॅपटॉप घेऊन मी. मुक्ता निघताना म्हणाली, "ठरवायला चाललात की मोडायला, तेवढं सांगून जा." ती हसत होती, पण ओढणीचं टोक तिने बोटाला गच्च गुंडाळलं होतं.

ताऊजींनी चांगलं स्वागत केलं. लस्सी आली, मग चहा आला. विषय निघताच हसून म्हणाले, "भैया, बारात में दो-चार फायर न हो, तो लोग पूछते हैं लड़के वाले जिंदा हैं कि नहीं।"

मी दादाचं थोडक्यात सांगितलं आणि लॅपटॉप उघडला. महिन्याभराची मेहनत होती. रंगीत आलेख, जिल्ह्यांचे नकाशे, खुनांतली हत्यारं, परवाने, सगळं. ताऊजींनी चष्मा लावला आणि एकेक पान नीट पाहिलं. मला वाटलं नव्हतं इतकं नीट.

"बहुत मेहनत किए हैं," ते म्हणाले. "इसमें आपके भैया किधर हैं?"

मी बोट उचललं. पडद्यावर कुठे ठेवावं ते मला कळेना. पान खाली सरकवलं, पुन्हा वर आणलं.

"इसमें नहीं हैं," मी म्हटलं.

"तब?"

तो टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं. तोवर गप्प बसलेली काकू बोलली. तिचं हिंदी बनारसचंच, पण त्या दिवशी ती एकेक शब्द वेगळा उच्चारत होती.

"भाईसाहब, इसमें नहीं है। मेरे घर में भी नहीं है। बंदूक आएगी, तो मुक्ता नहीं आएगी।"

ताऊजींनी चष्मा काढला आणि धोतराने पुसला.

"ठीक है," ते म्हणाले. "नहीं आएगी।"

"कौन?" पांडेजींनी विचारलं. जन्मभराची रिपोर्टरची सवय, पक्कं केल्याशिवाय उठायचं नाही.

"बंदूक," ताऊजी म्हणाले.

*

शब्द दिला खरा, पण वरातीचा भरवसा कुणाला? ईर्षेपोटी एखादा मेहुणा, एखादा गाववाला कमरेचा कट्टा काढायचा. लग्नाच्या आदल्या सकाळी मी संकठा घाटावर जाऊन बसलो. दादाने मला तिथेच पोहायला शिकवलं होतं. पोटाखाली हात धरायचा आणि "सोडला नाही, सोडला नाही" म्हणत कधी सोडायचा, ते कळायचंच नाही. कळायचं तेव्हा मी बराच पुढे गेलेला असायचो आणि तो मागे उभा राहून हसत असायचा. पाण्यात उतरावंसं फार वाटलं. उतरलो नाही.

*

दोन्हीकडच्या तडजोडीने वरात दिवसाउजेडी आली. गल्लीच्या तोंडाशी आधी बँड, मग नाचणारी पोरं, मग ताऊजी. रिकाम्या हातांनी. खांद्यावर बंदूक नसली की हात कुठे ठेवायचे, हे त्यांना माहीतच नव्हतं. कधी मागे बांधायचे, कधी छातीवर. शेवटी त्यांनी बँडवाल्याकडून खुळखुळे मागून घेतले आणि तालाचा काही संबंध नसताना ते हलवत आमच्या दारापर्यंत आले. पांडेजी माझ्या कानात म्हणाले, "पहली बार देख रहा हूँ, आदमी नि:शस्त्र होकर ज्यादा खतरनाक लग रहा है।"

मी हसत होतो तेवढ्यात कुणीतरी फटाक्यांची माळ लावली.

काकू दारात आरतीचं तबक घेऊन उभी होती. ती तबकासकट पायरीवर बसली. वर गच्चीवर पाहुण्यांची मुलं कठड्याला लटकून बँड बघत होती. काकूने मान वर करून एकेकाकडे पाहिलं. शेवटच्या मुलापर्यंत. ताऊजी खुळखुळे तसेच टाकून पुढे धावले आणि जळती माळ त्यांनी जोड्याने विझवली. नवा जोडा होता. मग काकू उठली आणि तिने नवरदेवाला ओवाळलं.

लग्न आमच्या पद्धतीने होतं. नेहमीचे गुरुजी आजारी पडल्यामुळे ऐनवेळी दुसरे आले होते. चांगले होते, पण घरातलं काही त्यांना ठाऊक नव्हतं. लाजाहोमाला त्यांनी लाह्यांचं सूप पुढे ओढलं आणि मोठ्याने विचारलं, "मुलीचा भाऊ कोण? या पुढे. लाह्या द्यायच्या आणि नवरदेवाचा कान पिळायचा."

मुक्ता होमाकडे बघत राहिली. काकूने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हलकेच पुढे ढकललं.

मी मुक्ताच्या ओंजळीत लाह्या घातल्या. अभिषेकला सगळं माहीत होतं. त्याने कान माझ्या हाताशी येईल इतकी मान खाली घातली, आणि तशीच ठेवली. मी कान धरला. नुसता धरला.

ताऊजी टक लावून बघत होते. फोटोग्राफर खोळंबला होता.

गुरुजींनी पळीतलं तूप होमात सोडलं आणि माझ्याकडे वळून हसून म्हणाले, "अहो, सख्खे भाऊ ना तुम्ही? मग असा काय धरलाय? जरा जोरात पिळा."