वनिताचं प्रॅक्टिकल

वनिता आज सकाळी गेली.

तिच्या नवऱ्याचा फोन आला. "बाई, नाय राहिली ती."
मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. ठेवल्यावर वाटलं, बरं काय? काय बरं?

तुमच्यापैकी फार थोडे तिला ओळखत असतील. म्हणून लिहिते आहे.

मी तेव्हा मुरबाडहून एसटीने शहापूर तालुक्यातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला जात असे. दोन हजार सालच्या आसपास वरून फर्मान आलं, अर्थशास्त्राच्या मुलांना कॉम्प्युटर आलाच पाहिजे. वर्ड, एक्सेल, शेवटी प्रॅक्टिकल आणि सर्टिफिकेट.
शिकवणार कोण? मी. मी स्वतः मे महिन्याच्या सुट्टीत ठाण्याला जाऊन माउस धरायला शिकले होते.

मशीन मोजकी. लाइट त्याहून कमी.

म्हणून पुठ्ठे.
बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापायचा, त्यावर स्केचपेनने कीबोर्ड काढायचा. लाइट गेली की अख्ख्या वर्गाने पुठ्ठ्यावर टाइप करायचं, तोंडाने बोलत. "इक्वल टू, सम, कंस सुरू..."
बाजूच्या वर्गातले मराठीचे सर विचारायचे, "मॅडम, आज कोणाची आरती?"

वनिता डोळखांबच्या वरच्या पाड्यावरची. पुठ्ठा घरी न्यायची, चुलीजवळ बसून बोटं चालवायची. तिची आजी विचारी, "ह्यो कंचा खेळ गो? नि एकटीच कशी खेळते?"

फळ्यावरचा मागणी वक्र काही केल्या तिच्या डोक्यात शिरत नसे. मी ओरडायचे, ती मान खाली घालायची.
एक दिवस लाइट होती. तिने एक्सेलमध्ये आकडे बदलले आणि आलेखातली रेघ सरकली. ही खुर्चीतून उठलीच.
"बाई, ही हालते!"
"खाली बस."
"नाय पण बाई, ही जिती हाय!"
वर्ग खदाखदा हसला. त्या दिवसापासून तिला अर्थशास्त्र कळायला लागलं.

किन्हवलीच्या एका पतपेढीला कॉम्प्युटरवर बसणारी मुलगी हवी होती. मी वनिताचं नाव सांगितलं. ते म्हणाले, सर्टिफिकेट घेऊन येऊ दे, तोवर जागा ठेवतो.

ती जागा तिला का हवी होती ते सांगते.
दिवाळी झाली की पाडा रिकामा होतो. सगळे वीटभट्टीवर. भट्टीवर एकटा माणूस घेत नाहीत, जोडी घेतात. एकाने चिखल कालवायचा, दुसऱ्याने विटा पाडायच्या. आईचं ऑपरेशन झालेलं. त्या वर्षी बापाची जोडी म्हणजे वनिता.

बाप कॉलेजात आला. स्टाफरूमच्या दारातच उभा राहिला.
"परीक्षा कवा हाय, बाई?"
"सोमवारी."
"भट्टीची गाडी आयतवारी येनार."
"एक दिवस थांबवा ना."
"गाडी काय माझ्या सासऱ्याची हाय?"
वनिता माझ्या शेजारीच उभी होती. तो लेकीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जाऊ दे गाडी. आमी सोमवारी एसटीने जाव. मुकादम शिव्या घालंल, घालू दे. हिला नोकरी लागली तर भावाचा पोर घेन जोडीला."

सोमवारी लाइट नव्हती.

तार तुटली होती कुठेतरी. मी वीज कार्यालयात फोन करत राहिले. "मॅडम, माणूस गेलाय." कुठे गेलाय? "लाइनवर गेलाय."
कल्याणहून आलेले परीक्षक घड्याळ बघत बसलेले. बाहेर चिंचेखाली वनिताचा बाप, वळकटी आणि भांड्यांचं गाठोडं घेऊन.

दुपार टळली. वनिता पुठ्ठा घेऊन परीक्षकांसमोर जाऊन बसली. मी सांगितलं नव्हतं. सगळा पेपर तिने त्या पुठ्ठ्यावर सोडवला, प्रत्येक की मोठ्याने सांगत. ते शेवटपर्यंत बघत होते.
"बरोबर आहे," ते म्हणाले. "पण मॅडम, स्क्रीनवर बघितल्याशिवाय मला मार्क देता येत नाहीत."
वाईट माणूस नव्हता. नियमच तसा होता.

एसटीची वेळ झाली.
"बाई, मी जाऊ?"
माझ्या वर्गातून कोणी मध्येच उठलेलं मला चालत नसे. मी म्हणाले, "जा."

त्याच आठवड्यात लाइट आली आणि परीक्षा झाली. मी पाड्यावर निरोप धाडला, वनिताला बोलवा. पण त्यांना एक दिवस उशीर झाला, तेवढ्यात ठरलेल्या भट्टीवरची जागा भरली होती. मुकादमाने दोघांना दुसऱ्या भट्टीवर पाठवलं. कोणत्या, ते पाड्यावर मागे राहिलेल्यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. भिवंडीच्या बाजूला जाऊन मी दोन-चार भट्ट्यांवर विचारून आले. भट्ट्या संपेनात.

निकालात तिच्या नावापुढे गैरहजर. पतपेढीने दुसरी मुलगी घेतली.

पावसाळ्यात भेटली तेव्हा तीच मला म्हणाली, "असू द्या, बाई."
पुढच्या वर्षी लग्न झालं. नवराही भट्टीवरचाच. कायमची जोडी झाली.

इतक्या वर्षांच्या धुराने आणि राखेने फुप्फुसं गेली. गेल्या महिन्यात हॉस्पिटलात बघायला गेले. उशाशी ऑक्सिजनचं मशीन चालू होतं.
"बाई, आज लाइट हाय," ती म्हणाली. "घ्या परीक्षा."
"ऊठ मग," मी म्हणाले.
हसली. हसता हसता खोकला लागला, तो थांबेना. मी नुसती पाठीवर हात ठेवून उभी.

डॉक्टर म्हणाले, मोठ्या हॉस्पिटलात न्या. माझे जुने विद्यार्थी कुठे कुठे साहेब आहेत. सगळ्यांना फोन केले. सगळे "बघतो, मॅडम" म्हणाले. त्यांनी बघितलंही असेल.

वनिता, तू पास होतीस.
मी बघितलं होतं. परीक्षकांनीही बघितलं होतं. एकही बोट चुकलं नव्हतं.
ते कुठे लिहून घेणं माझ्या हातात नव्हतं, म्हणून आज इथे लिहिते.

जा बाळा. तुझ्या बाईंचा तुला नमस्कार.