गच्चीवरचा सर्वदिशी

सन २०२३. माझं वय त्र्याहत्तर, शिक्षण तिसरी, तीही अर्धवट. वारज्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर माझा टीव्हीचा अँटेना उभा होता. लावलेला मी, खांब आणलेला मी. उमेदीत असे शेकडो लावले. प्रत्येकाचं तोंड सिंहगडाकडे, कारण टीव्हीचा मनोरा तिथं. बोटभर चुकलं की पडद्यावर मुंग्या.

तो काढून त्याच खांबावर कॅमेऱ्यांसाठी नवा अँटेना बसवायचा, असा ठराव सोसायटीनं केला. मला न विचारता. मी मीटिंगला गेलोच.

"काका, त्यावर कुणी काही बघतं तरी का?" सेक्रेटरी म्हणाला. "हा नवा ऑम्नीडायरेक्शनल आहे."

"म्हणजे काय?"

"तुम्हाला नाही कळायचं."

"आपल्याला कळलंय ना? मग सांगा की."

तो हातातले कागद चाळू लागला. शेवटी पहिल्या मजल्यावरच्या बाई बोलल्या. त्या कॉलेजात शिकवायच्या. म्हणाल्या, ऑम्नी हा रोमच्या जुन्या भाषेतला, लॅटिनमधला शब्द. अर्थ, सगळं. डायरेक्शनही तिथलंच, मूळ अर्थ सरळ रोख धरणं. दोन्ही जोडून विशेषण केलं. मराठीत सर्वदिशी.

"सर्व कुठलं, बाई?" मी म्हणालो. "खडकीच्या कारखान्यात असताना असे उभ्या काठीचे वायरलेसचे अँटेना मी चढवलेत. सिग्नल चौफेर जातो, कबूल. वर आणि खाली जात नाही. काठीच्या पायथ्याशी आवाज मरतो. आणि गेटचा कॅमेरा बरोबर या खांबाखाली आहे. शब्द करणारा कधी पायथ्याशी उभा राहिला नसणार."

कुणीतरी हसलं. काम घेतलेला ठेकेदार तिथंच होता. तो हळूच म्हणाला, "काका बरोबर बोलतायत."

"ठराव झालाय," सेक्रेटरी म्हणाला. "उद्या दहाला माणसं येऊन ते भंगार कापतील."

भंगार! बरोबर ठरलो, तरी कापणार माझंच.

घरी बायको म्हणाली, "अहो, जाऊ द्या ना. आपण तरी कुठं बघतो त्यावर?" नाही बघत. म्हणून काय परक्यानं करवत लावायची?

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पाना घेऊन गच्चीवर गेलो. गंजलेल्या नटांना तेल सोडलं, अँटेना उतरवला. मग भिंतीतले क्लँप सोडवून खांबही उतरवला. दोन खेपा केल्या, दोन्ही जिन्यानं. लिफ्ट सोसायटीची.